दोघांचा रिपोर्ट एकच, मग चालणं वेगळं का?

"माझी दोन मुलं. मोठा तेरा वर्षांचा, धाकटा अकराचा. दोघांनाही डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे आणि दोघांच्या रिपोर्टात ओळ अगदी एकच: डिस्ट्रोफिन या प्रथिनाच्या जनुकातले ४८ ते ५० हे एक्झॉन, म्हणजे जनुकाचे तुकडे, नाहीत. मोठ्याचं चालणं दहाव्या वर्षी थांबलं. धाकटा अजून घरात आणि वर्गात चालतो, कठडा धरून जिनाही चढतो. स्टेरॉइडची गोळी दोघांना एकाच दिवशी सुरू झाली. मोठा तेव्हा आठचा होता, धाकटा सहाचा. व्हीलचेअर आल्यावर मोठ्याची गोळी हळूहळू कमी करत बंद केली, म्हटलं आता काय उपयोग. सासूबाई म्हणतात, मोठ्याच्या वेळी दिवस असताना मी फार धावपळ केली, म्हणून त्याला जास्त झालं. पुण्याच्या माझ्या भावाने वाचलंय की शरीरातल्या दुसऱ्याच एका प्रथिनाचा चांगला प्रकार असेल तर ही मुलं जास्त वर्षं चालतात. धाकट्यात तो असेल का? तपासून घ्यावं का? मोठ्याला ते प्रथिन देता येईल का? एकाने स्टेम सेलचं पॅकेज सुचवलंय. माझ्या लहान बहिणीसाठी स्थळं बघतायत आणि आई म्हणते, तिकडे यातलं काही बोलू नकोस. आणि मोठा विचारतो, 'तो चालतो, मग मीच का नाही?' मला उत्तर देता येत नाही."
– दोन मुलांची आई, सुदामा नगर, इंदूर

ताई,

सासूबाईंचा मुद्दा आधी निकालात काढते, म्हणजे बाकीचं शांतपणे बोलता येईल. हे तीन एक्झॉन गर्भ राहिला त्या क्षणीच नव्हते. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत तुम्ही जिने चढलात, राजवाड्याच्या गर्दीत खरेदी केलीत की पलंगावर पडून राहिलात, याने त्यात कणभर फरक पडला नसता. मोठ्याला जास्त आणि धाकट्याला कमी, असं तर मुळीच होत नाही. हे त्यांना तुम्ही सांगून पटणार नसेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांनाही घेऊन जा. आपल्याकडे सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांचं वजन वेगळं असतं, त्याचा एकदा आपल्या बाजूने उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

आता भावाचं वाचन. तो बरोबर बोलतोय, पण त्याने गोष्ट मधूनच उचलली आहे.

गोधडीचे टाके वरचं लुगडं आणि आतले थर एकत्र धरून ठेवतात, तसं डिस्ट्रोफिन स्नायूच्या पेशीतला आतला सांगाडा तिच्या आवरणाशी, आणि त्यातून बाहेरच्या जाळ्याशी बांधून ठेवतं. ते नसलं की स्नायू आखडताना, सैल होताना आवरण फाटत राहतं. फटीतून कॅल्शियम आत घुसतं, सीपीके नावाचं एन्झाइम रक्तात गळतं, आणि म्हणून तुमच्या मुलांच्या पहिल्या रिपोर्टात सीपीकेचा आकडा हजारांत आला असणार.

४८, ४९ आणि ५० या एक्झॉनमध्ये अनुक्रमे १८६, १०२ आणि १०९ अक्षरं असतात. बेरीज ३९७. पेशी जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचते आणि ३९७ ला तिनाने भाग जात नाही, एक उरतो. त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं, लवकरच थांबण्याची खूण येते आणि प्रथिन अर्धवट राहून मोडीत निघतं. गंमत अशी की ज्याच्यात ५१वा एक्झॉनही नसतो त्याची तूट वाढते, २३३ अक्षरं आणखी जातात, पण बेरीज ६३० होते आणि तिला भाग जातो. मधला तुकडा नसलेलं, आखूड पण कामचलाऊ डिस्ट्रोफिन तयार होतं. अशा मुलांना सहसा बेकर नावाचा सौम्य प्रकार होतो. १९९० साली एका माणसाची नोंद प्रसिद्ध झाली होती, त्याच्या डिस्ट्रोफिनचा जवळजवळ निम्मा भाग, ४६ टक्के, गायब होता आणि तो ६१व्या वर्षी चालत होता. जास्त गमावून कमी आजार! एक्झॉन वगळायला लावणारी नवी औषधं याच हिशेबावर उभी आहेत. तुमच्या मुलांसारख्यांत ५१वा एक्झॉन वगळायला लावणारं औषध, एटेप्लिर्सन, अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. त्याने तयार होणारं डिस्ट्रोफिन फार थोडं असतं आणि किंमत आवाक्याबाहेरची, म्हणून त्याच्या मागे घर विकू नका एवढंच इथे सांगते.

म्हणजे डिस्ट्रोफिनच्या बाबतीत तुमची दोन्ही मुलं सारखीच रिकामी आहेत. मग फरक कुठून आला?

पत्र पुन्हा वाचा, ताई. मोठा दहाव्या वर्षी थांबला आणि धाकटा आज अकराचा आहे. दोघांतलं अंतर अजून जेमतेम एका वर्षाचं आहे. शिवाय गोळी एकाच दिवशी सुरू झाली, याचा अर्थ धाकट्याला ती दोन वर्षं आधी मिळाली. चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या सुमारास, मूल घसरणीला लागण्याआधी स्टेरॉइड सुरू केलं तर चालणं सरासरीने काही वर्षं लांबतं, हे पक्कं ठाऊक आहे. तुमच्या घरातला फरक एवढ्यानेच समजून येऊ शकतो. धाकट्याला आजार लवकर कळल्याचा फायदा मिळाला, आणि तो लवकर कळला मोठ्यामुळे.

तरी भावाचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. एकाच घरात, एकाच तुटीची, एकाच वयात औषध सुरू केलेली भावंडंसुद्धा वेगवेगळ्या वयात थांबतात, हे डॉक्टर फार पूर्वीपासून बघत आलेत.

स्नायूचा धागा फाटला की शरीर तो दुरुस्त करतं. सुरुवातीला ही दुरुस्ती चांगली होते, म्हणून तर लहानपणी ही मुलं धावतात, पडतात, आपल्याला शंकाही येत नाही. पण रोज फाटायचं, रोज शिवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की सूज कायमची मुक्काम करते आणि स्नायूच्या जागी चिवट तंतूंचा व्रण आणि चरबी भरते. हा व्रण किती वेगाने भरतो यावर चालण्याची वर्षं बरीच अवलंबून असतात. आणि हा वेग ठरवणाऱ्या प्रथिनांचा डिस्ट्रोफिनशी थेट संबंधही नसतो.

व्रण भरायला लावणारा मुख्य संकेत म्हणजे टीजीएफ-बीटा. हा रेणू पेशींच्या बाहेरच्या जाळ्यात बांधलेल्या अवस्थेत पडून असतो, आणि त्याला बांधून ठेवणाऱ्यांपैकी एक म्हणजे एलटीबीपी-४. तुमच्या भावाने बहुतेक याच्याबद्दलच वाचलं असावं. २००९ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी स्नायूविकाराच्या उंदरांत पाहिलं की याच प्रथिनात बारा अमिनो आम्लांचा एक तुकडा जास्त असलेल्या उंदरांचा आजार सौम्य राहतो. तुकडा असला की प्रथिन सहज कापलं जात नाही आणि टीजीएफ-बीटा मोकाट सुटत नाही. माणसांत तो तुकडा जसाच्या तसा नाही, पण एलटीबीपी-४ चे दोन प्रकार सर्रास आढळतात, त्यांत चार जागची अमिनो आम्लं वेगळी असतात. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात ज्या डुशेनच्या मुलांना आई आणि वडील दोघांकडूनही सौम्य प्रकार मिळाला होता, ती स्टेरॉइड घेत असताना सरासरी साडेबारा वर्षांपर्यंत चालली. इतर, तेच औषध घेणारी, पावणेअकराच्या आसपास थांबली.

त्याआधी २०११ मध्ये ऑस्टिओपोंटिन नावाच्या आणखी एका प्रथिनाबद्दल असंच आलं होतं. तिथे प्रथिनाचा आकार बदलत नाही, ते किती तयार व्हावं हे ठरवणारं एक अक्षर बदलतं. त्या अक्षराची मुलं सुमारे वर्षभर आधी थांबलेली दिसली. पुढच्या काही अभ्यासांत मात्र हा परिणाम तितका स्पष्ट दिसला नाही.

आणि रिंगो. हा ब्राझीलमधल्या प्रयोगशाळेतला गोल्डन रिट्रिव्हर कुत्रा. त्याच्या जातीतल्या या आजाराच्या कुत्र्यांना लवकरच चालणं अवघड होतं, पण रिंगोच्या स्नायूंत डिस्ट्रोफिन अजिबात नसताना तो म्हातारपणापर्यंत उड्या मारत जगला, त्याचा मुलगा सुफ्लेरही तसाच. २०१५ मध्ये उत्तर सापडलं: स्नायूंच्या दुरुस्तीत भाग घेणारं जॅग्ड-१ हे प्रथिन या दोघांत जास्त बनत होतं. मला हा कुत्रा फार आवडतो, कारण त्याने एक गोष्ट सिद्ध केली. डिस्ट्रोफिन नसणं म्हणजे सगळं ठरलेलं असणं, असं नाही.

आता यातली एक गोष्ट तुमच्या सासरी मोठ्याने वाचून दाखवावी अशी. डिस्ट्रोफिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणून सगळी बोटं आईकडे. एलटीबीपी-४ चं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे आणि ऑस्टिओपोंटिनचं चौथ्यावर. ही निम्मी आईकडून आणि निम्मी वडिलांकडून येतात, आणि कोणत्या भावाला कोणती प्रत जाईल हे कुणाच्याच हातात नसतं. दोन भावांमधला फरक काही अंशी जनुकांमुळे असेलच, तर त्यात तुमच्या यजमानांच्या घराण्याचा वाटा तुमच्याइतकाच आहे. भांडणासाठी सांगत नाही. हिशेब पुरता मांडायचा तर पुरता मांडावा.

तपासून घ्यावं का? माझं मत: नाही. धाकट्यात चांगला प्रकार निघाला तरी गोळी तीच, व्यायाम तोच, हृदयाची तपासणी तीच. नाही निघाला तरी सगळं तेच. साडेबारा आणि पावणेअकरा या सरासऱ्या आहेत, प्रत्येक गटात लवकर थांबलेली आणि पुष्कळ पुढे गेलेली मुलं आहेत. त्यातून हे अभ्यास मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या मुलांवर झालेत. उद्या रिपोर्टात वाईट प्रकार आला तर घरातलं वातावरण तेवढं बिघडेल, आणि त्या बदल्यात हातात काही पडणार नाही.

आणि मोठ्याला ते प्रथिन देता येत नाही. एलटीबीपी-४ पेशी जिथल्या तिथे तयार करून बाहेरच्या जाळ्यात विणतात. तोंडाने घेतलेलं कोणतंही प्रथिन पोटात सुटं होऊन जातं, मग ते वरण असो की जिममधल्या पोरांचा महागडा डबा. ते डबे कुणी सुचवले असतील तर तेही राहू द्या. टीजीएफ-बीटाला आवर घालण्याचा प्रयत्न लोसार्टन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने २००७ मध्ये उंदरांत यशस्वी झाला होता, पण माणसांच्या हातापायांच्या स्नायूंसाठी तिचा तसा उपयोग सिद्ध झालेला नाही. स्टेम सेलच्या पॅकेजबद्दल तर एकच वाक्य: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियमांनुसार या आजारासाठी स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही, नोंदणी झालेल्या चाचणीबाहेर ते देणंच चूक आहे आणि त्यासाठी पैसे घेणं त्याहून.

खरा जोर कुठे लावायचा ते सांगते.

मोठ्याची गोळी. "आता काय उपयोग" असं तुम्हाला वाटलं, पुष्कळांना वाटतं. पण चालणं गेल्यावरही स्टेरॉइड हातांची ताकद आणि फुप्फुसांची क्षमता टिकवायला मदत करतं, पाठीचा कणा वाकणं लांबवतं. तेराव्या वर्षी हात तोंडापर्यंत नेता येणं आणि स्वतः लिहिता येणं ही मोठी मिळकत आहे. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी लगेच बोला: पुन्हा सुरू करायची का, किती मात्रेने, हाडांची काळजी कशी घ्यायची. आपल्या मनाने जुनी पट्टी काढून सुरू करू नका. आणि धाकट्याची गोळी चुकूनही एकदम तोडू नका, उलट्या-जुलाब झाले, गोळी पोटात टिकेना, तरी दवाखाना गाठा. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, अचानक खंड जिवावर बेतू शकतो. तुम्ही मोठ्याची गोळी हळूहळू कमी केलीत, हे फार बरं झालं.

दोघांचं हृदय. इथे मला तुमच्या धाकट्याची जास्त काळजी वाटते, कारण चालणाऱ्या मुलाच्या हृदयाकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही. पाय चांगले म्हणजे हृदय चांगलं, असं या आजारात गृहीत धरता येत नाही. वर्षातून एकदा इको किंवा जमलं तर हृदयाचा एमआरआय दोघांचाही व्हायला हवा. काही तक्रार नसली तरी दहाव्या वर्षाच्या सुमारास हृदयाला संरक्षण देणारी गोळी सुरू करण्याचा सल्ला आता दिला जातो. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून स्पष्ट विचारा. मोठ्याची फुंकर मारायची फुप्फुसांची तपासणीही वर्षाला हवी.

दोघांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरात लिहून ठेवा: डुशेन आहे, भूल देताना सक्सिनिलकोलिन नको, भुलेचा वायूही टाळावा. दात काढायला गेलात तरी ते पान पुढे करा.

एम. वाय. रुग्णालयातले किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर रोजचं सगळं बघतीलच, पण एकदा दुर्मीळ आजारांच्या केंद्रात नाव नोंदवून ठेवा. मुंबईचं के.ई.एम. त्यांपैकी एक आहे, अवंतिका एक्सप्रेसने रात्रीत पोचता. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात डुशेनचा समावेश आहे, पुढे एखादं औषध खरंच उपयोगी ठरलं तर नोंद असलेली बरी. २०२३ मध्ये अमेरिकेत आलेल्या जनुकीय उपचाराबद्दल कुणी उत्साहाने सांगेल. त्यात चालणं थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याचं २०२५ मध्ये समोर आलं, एवढं त्यांना सांगा. मोठ्याचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव घेऊन उल्लेख आहे. बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, हात थकायच्या आधी ही सोय करून ठेवावी.

बहिणीचं मात्र तुमच्या आईच्या मर्जीवर सोडू नका. तुमच्या दोन मुलांना एकच तूट आहे, म्हणजे ती तुमच्यात आहे हे जवळजवळ नक्की. ती तुमच्या आईकडून आली असेल तर बहिणीतही असण्याची शक्यता निम्मी आहे. तुमच्यापासूनच सुरू झाली असेल तर बहिणीची शक्यता फारच कमी. अंदाज करत बसायचं कारण नाही: तुमच्या रिपोर्टची प्रत घेऊन तिने रक्ताची एमएलपीए तपासणी (जनुकातले एक्झॉन आहेत की नाहीत हे बघणारी) करावी, नेमके ४८ ते ५० बघायला सांगावेत. नुसतं सीपीके पाहून चालत नाही, ते नॉर्मल असूनही तूट असू शकते. नाही निघालं तर विषय संपला. निघालं तरी लग्नाला काही आडकाठी नाही, गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात नोंदणीकृत केंद्रात तपासणी होते आणि कायदा अशा आजारांसाठी तिला परवानगी देतो. कुणाला काय सांगायचं हे बहीण ठरवेल. पण तिला स्वतःलाच अंधारात ठेवून तिचं लग्न लावणं मला मान्य नाही, आणि उद्या तिच्या घरी तुमच्यासारखं पत्र लिहायची वेळ आली तर तुमच्या आईलाही ते मान्य होणार नाही.

तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. ज्या बायकांत ही तूट असते त्यांच्यापैकी काहींचं हृदय पुढे कमकुवत होतं, हातापायांत काही जाणवत नसतानाही. तेव्हा तुमचाही इको, आणि तक्रार नसली तरी दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा. मुलांच्याच दिवशी उरकून घ्या, वेगळा दिवस तुम्ही काढणार नाही हे मला माहीत आहे. तूट निघाली तर बहिणीलाही हेच लागू.

राहिला मोठ्याचा प्रश्न. तो तेराचा आहे, त्याला देवाची इच्छा वगैरे सांगू नका. आठवीच्या विज्ञानात त्याने पेशी शिकलेली आहे. त्याला कागद घेऊन १८६, १०२ आणि १०९ ची बेरीज करायला लावा, तिनाने भागायला सांगा आणि काय उरतं ते बघू द्या. मग सांगा की त्याच्यात आणि भावात हे अगदी सारखं आहे. भावाला औषध दोन वर्षं लवकर मिळालं, आणि शरीरात आणखी पुष्कळ प्रथिनं आहेत जी प्रत्येकाला थोडी वेगळी मिळतात. रिंगोची गोष्टही सांगा, मुलांना ती आवडते. "धाकटाही थांबणार का?" असं त्याने विचारलं तर हो म्हणा. धाकट्यालाही एव्हाना ते ठाऊक असतं, तो दादाला रोज बघतो. आणि दादाच्या खोलीच्या दारात उंबरा असेल तर तो आधी काढून टाका, खुर्ची अडते.